न आलेले बिल : 'संथ जगण्या'च्या विचाराची तपासणी

१

धावपळ सोडा, संथ जगा, असे सांगणाऱ्या लेखनाला सध्या मराठीत चलती आहे. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत, शहर सोडून गावाकडे शेत घेऊन राहिलेल्या माणसांच्या अनुभवकथनांत हा सूर वारंवार ऐकू येतो. माणसाने कमी कमवावे, कमी वापरावे, हाताने काम करावे, पायी चालावे, पावसाकडे बघत बसावे, असा हा विचार आहे. त्यात वाईट काय? वरवर पाहता काहीच नाही. घड्याळाच्या काट्याला टांगलेल्या माणसाला कोणी उसंत घे म्हणत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण विचार चांगला आहे एवढ्यावर समीक्षेचे काम संपत नाही. तो कोणाच्या अनुभवातून आला, तो कोणाला उद्देशून सांगितला जातो आणि तो आचरणात आणताना त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे प्रश्न विचारावे लागतात. दलित समीक्षेला तर हे प्रश्न टाळताच येणार नाहीत.

या विचाराचा अलीकडचा इतिहास युरोपातला आहे. १९८६ साली रोममधल्या एका जुन्या चौकात मॅकडोनाल्डचे उपाहारगृह निघाले, त्याविरुद्ध इटलीत कार्लो पेत्रिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आवाज उठवला. त्यातून 'स्लो फूड' ही चळवळ उभी राहिली आणि १९८९ साली पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा निघाला. पुढे २००४ साली कार्ल ऑनोरे या पत्रकाराने संथपणाची तरफदारी करणारे पुस्तक लिहिले आणि खाण्यापुरता असलेला हा विचार काम, शिक्षण, प्रवास अशा सर्व क्षेत्रांत नेला. परंतु या साऱ्याचे मूळ शोधत गेले तर आपण एकाच पुस्तकापाशी येऊन थांबतो. ते पुस्तक म्हणजे हेन्री डेव्हिड थोरोचे 'वॉल्डन'. ते १८५४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. दुर्गा भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने ते मराठीत आणले. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनातल्या संथ, साध्या, निसर्गसान्निध्यातल्या जीवनाच्या कल्पनेवर या पुस्तकाची छाया आहे. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करणे योग्य.

२

थोरोचे मोठेपण प्रथम मान्य केले पाहिजे. गुलामगिरीला आणि मेक्सिकोवरील युद्धाला पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ साली तो एक रात्र तुरुंगात राहिला. पळून आलेल्या गुलामांना त्याने मदत केली. जॉन ब्राऊनने सशस्त्र उठाव केला तेव्हा, १८५९ साली, भल्याभल्यांनी तोंड फिरवले असताना त्याची बाजू मांडायला थोरो उभा राहिला. असा माणूस आपल्याला परका नाही.

४ जुलै १८४५ रोजी तो कॉनकॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटात राहायला गेला आणि दोन वर्षे, दोन महिने तिथे राहिला. खोपटाला किती खर्च आला याचा पैन्‌पैचा हिशेब त्याने दिला आहे. तो अठ्ठावीस डॉलर आणि साडेबारा सेंट होतो. वर्षातून सुमारे सहा आठवडे मजुरी केली तर एका माणसाचे वर्षभर भागते, असा त्याचा निष्कर्ष आहे. उरलेला सगळा वेळ स्वतःचा. वाचायचे, चालायचे, तळ्याकडे बघायचे.

हा हिशेब बारकाईने वाचला पाहिजे, कारण त्यात एक नोंद अशी आहे की जिच्यावरून बहुतेक वाचकांची नजर घसरून जाते. खर्चाची यादी देताना थोरो सांगतो की कपडे धुणे आणि शिवणे-सांधणे ही कामे बहुतांशी घराबाहेर झाली आणि त्यांची बिले अजून त्याच्याकडे आलेली नाहीत.

थोरो प्रामाणिक आहे. बिल आले नाही हे त्याने लपवलेले नाही. पण ते का आले नाही, धुणारी आणि सांधणारी बाई कोण, तिच्या वर्षातले किती आठवडे या कामात गेले आणि तिला तळ्याकाठी बसायला कधी मिळाले, हे प्रश्न त्याच्या हिशेबात नाहीत. जमीन त्याची नव्हती, ती मित्र इमर्सन यांची होती. बायको-पोरांचा संसार मागे नव्हता. हार्वर्डचे शिक्षण होते. घरी पेन्सिली बनवण्याचा धंदा होता. प्रयोग फसला असता तर परत जायला मैल-दीड मैलावर घर होते. सहा आठवड्यांत वर्ष भागते हे गणित एवढ्या सगळ्या आधारांवर उभे आहे, आणि आधार जमेस न धरता केवळ निष्कर्ष उचलायचा ही संथ जगण्याच्या साहित्याची खोड तिथपासूनची आहे.

याच पुस्तकात जॉन फील्ड नावाचा एक आयरिश मजूर भेटतो. गळक्या झोपडीत बायको आणि बरीच पोरे घेऊन तो राहतो. शेजारच्या शेतकऱ्याची दलदलीची जमीन तो एकरी दहा डॉलर दराने फावड्याने उलथून देतो. पावसापासून आडोसा म्हणून थोरो त्याच्या झोपडीत शिरतो आणि त्याला उपदेश करतो. मी चहा घेत नाही, कॉफी घेत नाही, लोणी, दूध, ताजे मांस खात नाही, म्हणून मला त्यासाठी राबावे लागत नाही. तूही तसेच कर, म्हणजे एवढे कष्ट पडणार नाहीत, असा त्या उपदेशाचा आशय आहे. जॉन फील्डला ते पटत नाही आणि थोरो त्याच्या बुद्धीची कीव करतो. पण चहा-लोण्याचा त्याग करायला चहा-लोणी आधी आपल्या हक्काचे असावे लागते. मजुरासाठी देश सोडून आलेल्या माणसाला अमेरिकेत चहा आणि मांस मिळते याचे अप्रूप वाटते, त्यात त्याची हाव नसते, माणूस म्हणून ताठ उभे राहण्याची खूण असते. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या शिळे खाल्ले त्याला ताजे खाण्याची इच्छा होणे ही सांस्कृतिक घटना आहे. साधेपणाचा उपदेश करणाऱ्याला ती दिसत नाही.

३

'वॉल्डन'मध्ये आणखी एक प्रकरण आहे. माझ्या मते दलित वाचकाने त्या पुस्तकात सर्वांत आधी वाचावे असे तेच आहे. वॉल्डनच्या रानात आपल्या आधी कोण राहून गेले याची आठवण थोरो तिथे काढतो. हे पूर्वीचे रहिवासी कोण होते? त्यांत केटो इंग्रहॅम हा गुलाम होता. त्याच्या मालकाने त्याला रानात घर बांधून देऊन राहण्याची परवानगी दिली होती. झिल्फा नावाची कृष्णवर्णीय स्त्री होती. ती आपल्या लहानशा घरात गावकऱ्यांसाठी सूत कातत असे. १८१२ च्या युद्धात ती घरात नसताना इंग्रज युद्धकैद्यांनी तिचे घर पेटवले. तिचे मांजर, कुत्रा, कोंबड्या जळून गेल्या. ब्रिस्टर फ्रीमन हा पूर्वी गुलाम असलेला माणूस होता. त्याने लावलेली सफरचंदाची झाडे थोरोच्या वेळी उभी होती.

मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी १७८० च्या दशकात मोडली. परंतु सुटलेल्या माणसांना गावाच्या चांगल्या जमिनीत जागा मिळाली नाही. गावाबाहेरच्या रेताड रानात त्यांना राहू दिले गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर वॉल्डनचे रान हे कॉनकॉर्डचे गावकुसाबाहेरचे होते. डॉ. म. ना. वानखेडे, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याची ओळख आपल्याला करून दिली तेव्हापासून तिकडचे दुःख आणि इकडचे दुःख यांचे नाते आपण सांगत आलो. त्या नात्याचा इतका नेमका पुरावा संथ जगण्याच्या मूळ ग्रंथात पडलेला असावा, हे विलक्षण आहे. ज्या जागी केटो आणि झिल्फा यांना राहावे लागले, त्याच रानात थोरो स्वतः निवड करून राहायला गेला. जागा एकच आहे, एकान्तही तोच आहे. एकाला तो शिक्षा म्हणून मिळाला, दुसऱ्याला साधना म्हणून.

केटोने अक्रोडाची झाडे लावली होती. म्हातारपणी उपयोगी पडतील म्हणून तो ती वाढू देत होता. शेवटी ती एका तरुण, त्याच्याहून गोऱ्या सट्टेबाजाच्या घशात गेली, असे थोरो नोंदवतो. अक्रोड वाढायला वर्षे लागतात. म्हातारपणी सावलीत बसता यावे, हातपाय थकल्यावर दोन घास मिळावेत, ही केटोची सवडीची कल्पना होती. म्हणजे संथ आयुष्याचे स्वप्न वॉल्डनकाठी थोरोच्या आधी एका गुलामाने पाहिले होते. त्याचे पुस्तक झाले नाही, कारण त्याची झाडेही त्याची राहिली नाहीत.

थोरो ज्या वर्षी तळ्याकाठी गेला त्याच १८४५ साली, त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, बोस्टन येथे फ्रेडरिक डग्लसचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. डग्लस मेरीलँडमधला पळून आलेला गुलाम. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. डग्लसच्या पुस्तकातही फुरसत आहे. नाताळ ते नववर्ष या काळात मालक गुलामांना सुटी देत. त्या सुटीत त्यांनी भरपूर दारू प्यावी यासाठी मालक स्वतः उत्तेजन देत, कारण मनात साठलेला बंडाचा जोर त्यातून वाहून जाई, असे डग्लसने स्पष्ट केले आहे. कोव्ही नावाच्या क्रूर माणसाकडे कामाला असताना रविवार तेवढा त्याचा स्वतःचा असे. पण आठवडाभर पिळून निघाल्यावर तो दिवसही झाडाखाली गुंगीत पडून जाई. पुढे दुसऱ्या मालकाकडे थोडी मोकळीक मिळताच या माणसाने त्या रविवाराचे काय केले? आपल्या बांधवांना लिहा-वाचायला शिकवायची शाळा काढली. चोरून चाललेल्या त्या शाळेत एका वेळी चाळीसहून अधिक जण होते.

यावरून सवडीचे तीन प्रकार दिसतात. मालकाने आपल्या सोयीसाठी दिलेली सवड माणसाला गुंगीत ठेवते. सारे आधार असलेल्या माणसाने निवडलेली सवड चिंतनाकडे नेते. आणि गुलामाने हिसकावून घेतलेली सवड अक्षराकडे जाते. संथ जगण्याचे साहित्य या तिन्हींना एकच नाव देते, ही त्याची मुख्य चूक आहे.

४

आता आपल्याकडे वळू. थोरोचा विचार हिंदुस्थानात आला तो गांधीजींच्या मार्गाने. १९०९ च्या 'हिंद स्वराज'च्या शेवटी वाचनासाठी सुचवलेल्या पुस्तकांत थोरोचे दोन निबंध आहेत. रेल्वे, यंत्रे, वकील, डॉक्टर यांच्यामुळे आपली सभ्यता बिघडली. वेग हा वाइटाचा वाहक आहे, चांगले ते सावकाश चालते, अशी त्या पुस्तकाची भूमिका आहे. संथ, स्वयंपूर्ण खेडे हा तिचा आदर्श.

या भूमिकेला सर्वांत समर्थ उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली दिले. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांचे काय केले, याचा जाब विचारणाऱ्या ग्रंथात गांधीवादावर एक प्रकरण आहे. त्यातला युक्तिवाद असा. माणूस आणि पशू यांत फरक संस्कृतीचा आहे. पशूला पोट भरण्यापलीकडे आयुष्य नसते. माणसाला सुसंस्कृत व्हायचे तर सवड हवी, आणि पोटासाठी करावे लागणारे कष्ट कमी झाल्याशिवाय सवड मिळत नाही. ते कष्ट कमी करण्याचे साधन यंत्र आहे. यंत्राचे जे वाईट परिणाम दिसतात त्याचा दोष यंत्राकडे नाही. खाजगी मालमत्तेला आणि व्यक्तीच्या नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेकडे आहे. तेव्हा यंत्र टाकून न देता रचना बदलली पाहिजे, म्हणजे यंत्राचा लाभ मूठभरांऐवजी सर्वांना मिळेल.

या युक्तिवादाकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. बाबासाहेब यंत्राचे, शहराचे, गतीचे समर्थक होते एवढेच आपण ध्यानात ठेवले. पण ते गतीचे समर्थन करतात ते सवडीसाठी. म्हणजे सवड या मूल्याविषयी गांधी-थोरो आणि आंबेडकर यांच्यात वाद नाही. वाद आहे तो सवड कुठून येते आणि कोणाकोणाला मिळते याविषयी. गरजा कमी करून सवड मिळवा, हे ज्याच्या गरजा भागल्या आहेत त्याला सांगता येते. ज्याच्या गरजा कधी भागल्याच नाहीत त्याने आणखी काय कमी करायचे?

आणि ज्या खेड्याला संथ म्हणतात ते कोणासाठी संथ होते? महार वतनाची पद्धत पाहा. वतनदार महाराच्या कामाला तास ठरलेले नव्हते. रात्री-अपरात्री बोलावणे आले की जायचे. तो हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. टपाल पोचवणे, सांगावा नेणे, सारा वसुलीला माणसे गोळा करणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, आणि हे काम नसेल तेव्हा चावडीसमोर बसून राहणे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच पद्धतीविरुद्ध. ती कायद्याने संपायला पुढे १९५८ साल उजाडले. आता बाहेरून पाहणाऱ्याला चावडीपुढे बसलेला महार निवांत दिसेल. सावली आहे, वारा आहे, घाई कसलीच नाही. पण तो निवांत नाही. तो ताटकळत आहे. त्याचा वेळ गावाच्या मालकीचा आहे आणि गावाने तो वापरायला काढलेला नाही एवढेच.

मराठीत या दोन गोष्टींना वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्य. सवड, उसंत, निवांतपणा हे एका बाजूचे शब्द. ताटकळणे, खोळंबणे, तिष्ठत राहणे हे दुसऱ्या बाजूचे. दोन्हींत माणूस बसलेलाच असतो. फरक वेळेच्या मालकीत आहे. लघुनिबंधाच्या काळापासून मराठी ललित गद्याने आरामखुर्ची, पाऊस, चहाचा पेला यांभोवती पहिल्या बाजूचे शब्द घोटून घोटून गुळगुळीत केले. दुसऱ्या बाजूचे शब्द साहित्यात यायला दलित आत्मकथन यावे लागले. शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ चे. त्याच्या नावातच ती नोकरी आहे जिला वेळ स्वतःचा नसतो.

दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' (१९५६) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तकेही शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. 'ऋतुचक्रा'त महिन्यामागून महिना येतो आणि लेखिका झाडे, फुले, ढग डोळे भरून पाहते. त्या गद्याचे सामर्थ्य मी नाकारत नाही. 'जिणं आमुचं'मध्येही महिना येतो. तो आषाढ आहे. त्या महिन्यात महारवाड्यातल्या बायकांना अंगभर पाणी मिळते, घरे सारवली जातात, पुरणाचा घास पोटात जातो. वर्षातला हा एक महिना उसंतीचा, म्हणून बाकीच्या अकरा महिन्यांचा हिशेब तो देऊन जातो. निसर्ग एकच, आषाढही एकच. एकीकडे तो पाहण्याचा विषय आहे, दुसरीकडे तो पोटाला आणि पाठीला मिळालेला विसावा आहे. दुसरा अनुभव पहिल्याहून कमी सुंदर आहे असे ठरवणारे सौंदर्यशास्त्र आपल्याला मान्य करता येणार नाही.

५

हाताने केलेल्या वस्तूंचे प्रेम हा संथ जगण्याच्या विचाराचा एक भाग आहे. विणलेली टोपली, हातमागाचे कापड, चाकावरचे मडके यांना आता शहरात चढी किंमत येते. येथे 'वॉल्डन'मधलीच एक गोष्ट आठवते. एक रेड इंडियन माणूस एका वकिलाच्या दारी टोपल्या विकायला जातो. आम्हाला नकोत, असे उत्तर मिळते. आम्हाला उपाशी मारता काय, असे म्हणत तो निघून जातो. यावर थोरो म्हणतो की मीही एक नाजूक विणीची टोपली विणली होती. पण ती लोकांनी घ्यावी असे काही करण्याऐवजी ती विकण्याची गरजच कशी टळेल याचा मी विचार केला. त्याची टोपली म्हणजे त्याचे लेखन, हे उघड आहे.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) हीच प्रतिमा आहे आणि ती प्रतिमा राहात नाही. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणते, विकते आणि त्यावर पोरे वाढवते. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, अशी लेखिकेची जाणीव आहे. थोरोने विकण्याची गरज टाळली. या आईला ती टाळता येणे शक्य नव्हते. तिची बोटे सावकाश चालत असतील, पण तिच्यामागे रात्र होती, बाजार होता, शाळेची फी होती. त्याच पुस्तकात डोक्यावर लाकडे, गवत, बांबू यांचे भारे घेऊन डोंगर ओलांडत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायका आहेत. पायी चालण्यावर सुंदर निबंध लिहिणाऱ्यांनी या चालण्याची गती एकदा मोजावी. आज दुकानात आयदान घेणाऱ्याला वस्तूबरोबर संथपणाचे समाधान मिळते. विणणारीचे बिल मात्र थोरोच्या धुण्यासारखेच राहून जाते.

हे बोलताना आपल्या घराकडे पाठ करून चालणार नाही. 'जिणं आमुचं'मध्ये पहाटेच्या अंधारात उठवली जाणारी आठ-नऊ वर्षांची सून आहे. दळण, भाकरी, वर सासूचा मार हे तिचे दिवस. तिचा वेळ गावाने घेतला त्याआधी घराने घेतला. 'आयदान'मध्ये नोकरी करणाऱ्या, एम.ए.चा अभ्यास करणाऱ्या बाईकडून घरकाम आधी, अभ्यास नंतर, ही नवऱ्याची अपेक्षा आहे. आमच्या सभा, संमेलने, वाचन, लेखन यांना लागणारी सवड कोणाच्या हातांतून आली, हे दलित लेखकाने स्वतःला विचारले पाहिजे. प्रस्थापितांना बिल दाखवणाऱ्याने आपल्या चुलीजवळचे बिल दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

६

मग संथ जगण्याचा विचार आपण झिडकारायचा काय? मला तसे वाटत नाही. झिडकारल्याने तो ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच हातात राहील. आपली परंपरा वेगळी आहे आणि ती सांगितली पाहिजे.

सप्टेंबर १८८४ मध्ये जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा बोलावली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात मागण्या होत्या : आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. सूर्यास्तापर्यंतच, हा शब्द लक्षात घ्यावा. म्हणजे त्यानंतरही राबवले जात होते. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. संथपणाचे कौतुक करणारे लेख ज्या रविवारच्या पुरवण्यांत छापून येतात तो रविवार मुंबईच्या मजुराला एका सत्यशोधकाने लढून मिळवून दिला. पुढे बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. सवड हा हक्क आहे आणि तो कायद्याने मिळवायचा असतो, ही आपली परंपरा. त्यागाने, रानात जाऊन, एकट्याने मिळवलेली सवड आपल्या उपयोगाची नाही, कारण ती शेजाऱ्याला मिळत नाही.

हा इतिहास जुना झाला असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच ठेवू, असे सांगण्यात आले. पण बारा तास उभे राहून आलेल्या माणसाच्या संध्याकाळीचे काय? वाचनालय, रात्रशाळा, युनियनची बैठक, पोराचा अभ्यास हे सगळे संध्याकाळी असते. त्याच वेळी शहरात संथ जगू पाहणाऱ्या घरासाठी भाजी, औषध, जेवण घटकाभरात आणून देणारी तरुण मुले मोटारसायकलवर जीव मुठीत धरून पळत आहेत. एकाच्या संथपणासाठी दुसऱ्याला वेग वाढवावा लागतो. माझ्या वर्गात अशी मुले बसतात. रात्री काम करून सकाळच्या तासाला येतात आणि काहींचा डोळा लागतो. त्यांना संथ जगा म्हणून सांगण्याची माझी छाती नाही. त्यांना झोप मिळाली पाहिजे, एवढे म्हणण्याची आहे.

आणि आमची, पहिल्यांदा पदवी घेतलेल्यांची पिढी? मागचे सगळे भरून काढायचे म्हणून ती धावते. हप्ते, भावंडांची शिक्षणे, गावाकडचे घर, समाजाचे काम. आमच्यापैकी कोणी दोन घटका बसला तर त्याला अपराधी वाटते, कारण बसलेल्या आपल्या माणसाला आळशी म्हणणारा आवाज पिढ्यान्‌पिढ्या कानात आहे. हा आवाज मालकाचा आहे. तो ओळखून बाहेर काढला पाहिजे. सवड घेणे ही चळवळीशी गद्दारी नाही. बाबासाहेबांच्या विचारात तर ती मनुष्यत्वाची अट आहे. मात्र घेतलेल्या सवडीचे काय करायचे याचे उत्तर डग्लसच्या रविवारच्या शाळेत आहे.

दलित साहित्याने आजवर भूक लिहिली, अपमान लिहिला, विद्रोह लिहिला. ते आवश्यक होते. आता विसावा लिहिण्याची वेळ आली आहे. आपल्या माणसाला विसावा कधी मिळाला, कोणाच्या मेहेरबानीने मिळाला, कोणाकडून हिसकावून घेतला, त्यात त्याला काय सुचले, त्या वेळी घरातली बाई काय करत होती, हे सगळे लिहिले पाहिजे. ते लिहिले गेले म्हणजे संथ जगण्याच्या साहित्याला पहिल्यांदा पुरा हिशेब दिसेल. थोरोने आपल्या खर्चाच्या यादीत एक जागा प्रामाणिकपणे मोकळी ठेवली होती. झिल्फाला ती भरता आली नाही, तिला अक्षर मिळाले नव्हते. आपल्याला मिळाले आहे.